शंभरावा पक्षी

"निसर्गापुढे सगळे सारखे," असे दंतवैद्यांनी तळ्याच्या बांधावर उभे राहून जाहीर केले. आणि ज्यांची भिंगे हातभर लांब आहेत त्यांनी पुढे यावे, बाकीच्यांनी मागे राहून पाय आपटू नयेत, असे लगेच जोडले.

पक्षीमित्र मंडळाच्या रविवारच्या फेरीत ही व्यवस्था जुनीच होती. सर्वांत पुढे अध्यक्ष, म्हणजे दंतवैद्य, आणि त्यांची तोफ. तोफ हे त्यांच्या कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाव. ती खांद्यावर टाकून ते निघाले की बगळेसुद्धा शरण आल्यासारखे एका पायावर उभे राहत. त्यांच्यामागे मधली भिंगे, मग नुसत्या दुर्बिणी, आणि शेपटाला एक्स-रेकाका.

"आणि काका," दंतवैद्य म्हणाले, "आज तुम्हीही पुढे या."

वीस माना मागे वळल्या. काकांना पुढे बोलावण्याची ही पहिलीच वेळ. आपल्या मागे आणखी कोणी काका आहे का, हे त्यांनी वळून पाहिले. मागे एक म्हैस होती.

काकांनी चौतीस वर्षे इस्पितळाच्या तळघरात लोकांची हाडे टिपली होती. निवृत्तीनंतर जरा उजेडात जावे म्हणून ते मंडळात आले. लेकीने दिलेला कॅमेरा तळहातावर मावेल एवढा. जुन्या सवयीने फोटो घेताना ते पुटपुटत, "श्वास रोखा... सोडा." पक्षी श्वास रोखत की नाही हे कळायला मार्ग नव्हता, पण आजूबाजूची माणसे रोखत. एकदा एक पाणकोंबडी जागची हलेना आणि काका 'सोडा' म्हणायला विसरले, तेव्हा यादीबाईंना बांधावर बसवून पाणी पाजावे लागले होते.

यादीबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. मंडळाने पाहिलेल्या पक्ष्यांची यादी त्या ठेवत. ती यादी अकरा वर्षे नव्व्याण्णववर अडकली होती. शंभर झाले की पुस्तक काढायचे, असे दंतवैद्यांच्या मनात होते. नव्व्याण्णव पक्ष्यांचे पुस्तक म्हणजे समोरचाच एक दात नसलेली कवळी, असे ते म्हणत.

आणि गेल्या मंगळवारी काकांना शंभरावा दिसला.

पक्षी पाहायला म्हणून ते गेलेच नव्हते. सकाळच्या फिरण्यात वयोमानाप्रमाणे झुडपाआड जावे लागले. समोर पाचोळा होता. त्या पाचोळ्यातले एक पान काकांना खटकले. करड्यात करडे, तपकिरीत तपकिरी. दुसरा कोणी त्यावर पाय देऊन गेला असता. पण करड्या सावलीत केसाएवढी चीर शोधण्यातच काकांची हयात गेली होती. ते पान श्वास घेत होते. त्याला एक अर्धवट मिटलेला डोळा होता. रातवा. दिवसभर जमिनीला चिकटून बसणारा, घरटे म्हणून एक काडीही न उचलणारा पक्षी. पोटाखाली, उघड्या मातीवर, दोन अंडी.

काका "श्वास रोखा" म्हणाले, स्वतःच रोखला आणि एकच फोटो काढला. असा फोटो त्यांनी जन्मात काढला नव्हता. एकेक पीस मोजावे इतका स्वच्छ.

मग त्यांनी चूक केली. संध्याकाळी तो यादीबाईंना दाखवला. कुणालाही सांगणार नाही, असे बाईंनी कबूल केले आणि शब्द पाळला. फक्त दंतवैद्यांना सांगितले. तेही शुक्रवारी दाढ भरायला गेल्या तेव्हा तोंड उघडेच होते म्हणून.

"चला, काका," दंतवैद्य बांधावर म्हणाले. "दाखवा जागा."

"कसली?"

"आता लाजू नका. रातव्याची."

काकांनी यादीबाईंकडे पाहिले. यादीबाईंनी पाण्याकडे पाहिले.

"जागा नाही सांगता येणार," काका म्हणाले.

"विसरलात?"

"नाही. चांगली आठवतेय."

असे उत्तर मंडळात कोणी ऐकले नव्हते. दंतवैद्य दुखरी दाढ सापडल्यासारखे सावकाश हसले. "संध्याकाळी दवाखान्यात बैठक घेऊ. तोवर विचार करा. आणि येताना कॅमेरा आणा."

घरी बायको वाटाणे सोलत होती. काकांनी झाले ते सांगितले.

"मग? सांगणार आहात?" तिने विचारले.

"पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापतील बहुतेक गं. खाली नाव घालून."

"माझं मनगट आठवतंय ना? तुमच्याच टेबलावर ठेवला होता हात. मी कळवळून विचारलं, अहो, मोडलंय का? काय म्हणालात?"

"डॉक्टर सांगतील."

"डॉक्टर सांगतील! सख्ख्या बायकोला. आठ दिवस बोलले नाही मी."

"अगं, नियमच आहे तो. फोटो काढणाऱ्यानं दिसलेलं सांगायचं नसतं."

"नियम आहे ना? मग मला नाही सांगितलंत ते त्या दातवाल्याला सांगणार असाल, तर येताना जेवूनच या."

काकांनी चार वाटाणे सोलले. त्यांना खंड्या आठवत होता. दोन वर्षांमागे बांधाच्या कडेला बिळात खंड्याची पिल्ले होती. सगळे मंडळ तीन दिवस बिळासमोर उभे होते, कॅमेऱ्यांच्या तिकाटण्या रोवून. आई मासा चोचीत धरून समोरच्या तारेवर बसे, खाली गर्दी बघे आणि परत जाई. मासा धरलेल्या त्या आईच्या फोटोला दंतवैद्यांना प्रदर्शनात पहिले बक्षीस मिळाले. फोटोचे नाव 'ममता'. चौथ्या दिवशी बिळातून मुंग्यांची रांग बाहेर येत होती. ती काकांनी पाहिली. त्याआधीचे तीन दिवस सर्वांत मागच्या रांगेत श्वास रोखून तेही उभे होते, हे त्यांना कोणी विचारले नव्हते आणि त्यांनी कोणाला सांगितले नव्हते.

संध्याकाळी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत मंडळ जमले. भिंतीवर कापून दाखवलेल्या दाढेचे चित्र होते. वेदनाशामक शांतता होती.

"मी साधा प्रश्न विचारतो," दंतवैद्य म्हणाले. "आम्ही काय त्याला खाणार आहोत?"

"नाही."

"लांबूनच बघू."

"तोफ लांबूनच चालते, डॉक्टर."

मागे कोणीतरी हसले आणि खोकल्यात लपवले.

"नियम ऐका," दंतवैद्यांचा आवाज कोरडा झाला. "जागा नाही तर नोंद नाही. नोंद नाही तर पक्षी दिसलाच नाही. उद्या लोक म्हणतील, काकांनी कुठल्यातरी पुस्तकातल्या चित्राचा फोटो काढला. चालेल तुम्हाला?"

"म्हणू देत."

"मंडळात राहता येणार नाही."

"बरं."

"काका, हट्ट करू नका हो," यादीबाई कळवळल्या. "शंभर होतायत. पुस्तकावर तुमचा फोटो, खाली तुमचं नाव. अध्यक्षांनी कबूल केलंय."

हा वार वर्मी बसला होता. चौतीस वर्षांतल्या हजारो फोटोंवर वर रोग्याचे नाव असे आणि खाली डॉक्टरांची सही. काकांचे त्यात काय असेल तर डावे-उजवे कळावे म्हणून कोपऱ्यात ठेवलेले शिशाचे अक्षर. आपले नाव छापलेले त्यांनी एकदाच पाहिले होते, लग्नपत्रिकेत, आणि त्यातही सासऱ्यांचे मोठे होते.

"ते जाऊ द्या," दंतवैद्यांनी हात पुढे केला. "सांगू नका तुम्ही. कॅमेरा द्या. हल्ली फोटो कुठे काढला ते कॅमेराच लिहून ठेवतो. आम्ही काढू शोधून. तुमचा शब्दही राहील."

वीस जणांना हा तोडगा फार आवडला. दोघे तर उठून बूट घालू लागले.

काकाही उठले. मंडळात आजवर ते उठत ते सतरंजी घडी करायला.

"मी फार शिकलेला नाही," ते म्हणाले. "पण चौतीस वर्षं प्रत्येकाचं आतलं मी सगळ्यांच्या आधी पाहिलंय. कुणाचं बरगडीमागचं, कुणाचं डोक्यातलं. बाहेर नातेवाईक हात धरायचे, काका सांगा, काय आहे? एकाला नाही सांगितलं. ते माणसांचं होतं. हा तर पक्षी आहे, त्याला माझ्याकडून वचनसुद्धा घेता येत नाही. खंड्याच्या वेळी मी गप्प राहिलो ते चुकलं. आज गप्प राहतोय ते बरोबर आहे. तुमची यादी राहू दे नव्व्याण्णववर. माझं नाव काढा, मला खोटा म्हणा, पुस्तकात छापा हवं तर. ही जागा कुणालाही मिळणार नाही. हा फोटो मी इथंच, तुमच्यासमोर पुसून टाकतो."

बूट घालणाऱ्यांचा एकेक पाय बुटात, एकेक बाहेर. दंतवैद्यांचा हात पुढे केलेलाच राहिला.

काकांनी कॅमेरा चालू केला. पडद्यावर रातवा आला. पाचोळ्यात पाचोळा, डोळा अर्धा मिटलेला. काकांनी त्याच्याकडे पुरेसे पाहून घेतले आणि बटण दाबले. रातवा दुप्पट मोठा झाला. दुसरे दाबले. तारीख आली. तिसरे दाबले, तेव्हा लखकन उजेड पडून दंतवैद्यांचा फोटो निघाला. चौतीस वर्षांत एकही फोटो फाडायचा नाही, फेकायचा नाही, अशा खात्यात त्यांची नोकरी झाली होती.

त्यांनी कॅमेरा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग यादीबाईंच्या खुर्चीपाशी जाऊन, आवाज जरा खाली आणून म्हणाले,

"बाई, तुमचा चष्मा जवळचा आहे ना? यात पुसायचं बटण कुठलं, जरा बघता का?"