आम्हा जुळ्यांची खंडेनवमी

आई भवानीची शपथ मित्रांनो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी तबकडी फिरायची थांबो. मी म्हातारी हार्डडिस्क, दिलसुखनगरच्या एका फोटो स्टुडिओतल्या सर्व्हरमध्ये राहते. लोकांची लग्नं पोटात ठेवते. कौतुक मात्र कॅमेऱ्याचं होतं.

आम्ही चौघी. स्टुडिओची सून ज्योती, तिनं काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून आमचा संसार मांडला. आधी जोड्या लावल्या. जे माझ्या पोटात, तेच माझ्या जुळ्या बहिणीच्या. मग प्रत्येक व्हिडिओचे तुकडे करून दोन्ही जोड्यांत वाटले. जोडीतली एक गेली तर निभतं, अख्खी जोडी गेली की घर बसलं. हुकुमात एक टिंब चुकलं तरी यंत्र नुसतं नाही म्हणायचं, का ते सांगायचं नाही. ज्योती कपाळ बडवून घ्यायची. मला विचार की बाई. पण हार्डडिस्कला कोण विचारतं?

यंदा खंडेनवमीला तिचे सासरे प्रतापराव कुंकवाचं ताट घेऊन आले. कॅमेऱ्यांना टिळे लावून झाले आणि आमच्याकडे वळले.

"ज्योती, यातली जोडी कोणती गे?"

"वरच्या दोन, मामाजी. का?" ती फोनवर होती.

"काही नाही. पूजा जोडीनंच करावी."

आणि चालू मशीनमधून त्यांनी आधी बहिणीला ओढलं, मग मला. ओलं कुंकू, झेंडूचं फूल, आणि परत खोचलं.

सगळं बंद. पडद्यावर आम्ही दोघी 'फॉरेन', म्हणजे परक्या. ज्या घरात झिजले, तिथंच परकी!

आमच्या पोटात शिल्पा नावाच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ होता. कॅमेऱ्याची कार्डं पुसून झालेली, दुसरी प्रत नाही. ती तो घेऊन संध्याकाळी नामपल्ली स्टेशनवरून गाडीनं सासरी जायची होती.

"परक्या म्हणतंय ना? साफ करून टाक. कायकू डोकं लावतीस?"

"साफ केलं तर शिल्पाचं लग्न पुसलं जाईल, मामाजी."

"लग्न झालंय तिचं. ते कसं पुसलं जाईल?"

"तुम्ही बाहेर बसा. चहा पाठवते."

यंत्र दोनच वाटा देत होतं. परक्यांना घरात घ्या, नाहीतर त्यांची ओळख पुसा. दोन्ही हुकूम दिसायला सारखेच. ज्योतीनं टाइप केलं, खोडलं, पुन्हा केलं. यंत्र नाहीच म्हणे. मी आतून ओरडत होते, अगं, घरात घे म्हण. शेवटी घेतलं एकदाचं. मी बहिणीनंतर निघालेली, म्हणून माझ्यातलं ताजं. माझ्यावरूनच बहिणीला पुन्हा भरलं. शिल्पा व्हिडिओ घेऊन स्टेशनला गेली आणि प्रतापरावांनी माझ्यापुढं हात जोडून माफी मागितली.

तर मित्रांनो, चालत्या यंत्राची पूजा बाहेरून करा. आणि जोडी आहे म्हणून वेगळी प्रत ठेवायचा आळस करू नका. जुळ्या एकदमही जातात.

बरं, ते माफीचं तेवढं मी पदरचं घातलं. खरं म्हणजे ते चहा पिऊन आत आले आणि म्हणाले, "बघ, पूजा केली म्हणून वाचलं."