काकूला कंटाळा आलाय

सासूबाई घरात घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. परदेशात असलेल्या त्यांच्या दोन्ही मुलांना ही बातमी एकाच फोनवर कळली, कारण दोघे भाऊ एकाच घरात राहत होते. संध्याकाळी चौघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. थोरला गोदामात माल उचलायची गाडी चालवायचा आणि त्याची बायको वृद्धाश्रमात नर्स होती. धाकटा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. त्याची बायको घरीच, खिडकीशी शिलाई मशीन मांडून, एका लॉन्ड्रीत येणाऱ्या गिऱ्हाइकांचे कपडे आखूड-मोठे करून द्यायची.

"आम्हाला काही निघता यायचं नाही," थोरली म्हणाली. "पोरीची शाळा आहे. तुमचं बरं आहे, तुमच्या मागे ना पुढे कोणी."

धाकटीला मूल नव्हतं. ती उठली आणि धुतलेलाच कप पुन्हा धुवायला लागली. तिचा नवरा मान खाली घालून म्हणाला, "ठीक आहे. आम्ही जातो."

बायकोला त्याने एका शब्दाने विचारलं नाही. थोरल्या भावाने सुटकेचा श्वास टाकला आणि विषय मिटला.

थोरलीची मुलगी नऊ वर्षांची. एका जागी कधी बसायची नाही, म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणायचे. थोरलीची ड्युटी कधी पहाटेची, कधी रात्रीची. त्यामुळे भिंगरी रांगायला लागली तेव्हापासून धाकटीच्या मशीनखाली खेळून वाढली. शाळेत सोडायला काकू, आणायला काकू, दात पडला तर दाखवायला काकू. एकदा तापात भिंगरीने "काकू, काकू" म्हणून हाका मारल्या, तेव्हा थोरली कामावरून येऊन युनिफॉर्ममध्येच दारात उभी होती. तिने ते ऐकलं आणि तडक बाथरूममध्ये गेली. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधले वरचे दोन कप्पे तिने आपल्याकडे घेतले आणि खालचे दोन धाकटीला दिले. दूधसुद्धा वेगळं झालं. तेव्हापासून दोघी जावा एकमेकींशी भाऊजींमार्फत आणि दादांमार्फत बोलायच्या. एका मोरीत भांडी घासायच्या, पण एकीचा हात दुसरीच्या कपाला लागायचा नाही.

सासूबाईंना यापुढे एकटं ठेवता येणार नव्हतं, म्हणून जायचं ते कायमचंच ठरलं आणि निरोपाच्या भेटी सुरू झाल्या. तिथेही कुठे गोडवा नव्हता.

लॉन्ड्रीच्या मालकिणीने कपड्यांचा शेवटचा गठ्ठा दिव्याखाली धरून तपासला, एका पँटची दुमड ओढून पाहिली आणि म्हणाली, "सोमवारपासून दुसरी बाई येतेय. तिचा हात तुझ्यापेक्षा जलद आहे."

"मग तिला माझे टाके उसवायला सांगा," धाकटी म्हणाली. "उसवतात का ते बघा."

इतकी वर्षं त्या दुकानाचं काम केल्यावर निरोप झाला तो एवढाच.

खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याचं तर तिच्याशी जुनं वैर. मशीन सुरू झालं की तो काठीने छत ठोकायचा. जिन्यात भेटला तेव्हा तिने सांगितलं, आम्ही कायमचे चाललोय.

"मशीन?" त्याने विचारलं.

"विकलं."

त्याचा चेहरा उजळला, पण लगेच संशय आला. "कोणाला? याच इमारतीत नाही ना?"

तिला हसू आलं. वर जाऊन भिंगरीला ती म्हाताऱ्याची नक्कल करून दाखवणार होती. अशा नकलांवर भिंगरी पोट धरून हसायची. पण भिंगरी पलंगावर पालथी पडून राहिली.

"काय गं, ऐकतेस ना?"

"मला झोप आलीय."

दुपारचे चार वाजले होते. या पोरीला दुपारी झोपवायचं म्हणजे एरवी लढाई करावी लागायची.

पुढच्या दिवसांतही तेच. शाळेतून येताना ती काकूच्या पुढे दहा पावलं चालायची. धाकटीने मशीन द्यायच्या आधी तिच्यासाठी शेवटचा एक फ्रॉक शिवला होता, खिशांचा, कारण भिंगरीला खिसे लागायचे. भिंगरीने तो घडीसकट परत आणून ठेवला. "मला नको. आई आणेल मला." धाकटीला वाटलं, पोरगी जाण्याचं मनाला लावून घेतेय. होईल शांत.

गावाबाहेरच्या डोंगरावर रोपवे होता. भिंगरीला तिथे न्यायचं काकूने केव्हापासून कबूल केलं होतं आणि दर वेळी काही ना काही आडवं यायचं. जाण्याआधीचा शेवटचा रविवार तिने त्यासाठी राखून ठेवला. दोघींनीच जायचं असं तिच्या मनात होतं. पण सकाळी थोरली बूट घालून तयार. आयुष्यात कधी न मिळणारी रजा त्या दिवशी तिला मिळाली होती.

"आम्ही पण येतो," ती हवेकडे बघून म्हणाली. "माझीही मुलगी आहे म्हटलं."

मग पाचही जण निघाले. रोपवेच्या डब्यात चौघांची जागा. दोघे भाऊ पटकन एका डब्यात शिरले. घरातल्या कटकटीत वर्षानुवर्षं त्यांनी हेच केलं होतं. मागच्या डब्यात दोघी जावा समोरासमोर आणि भिंगरी आईच्या बाजूला, काचेला नाक लावून. खाली झाडं लहान होत गेली. धाकटी एकदा म्हणाली, "ते बघ, आपली शाळा दिसतेय." भिंगरीने दुसऱ्या बाजूला तोंड फिरवलं, आणि थोरलीच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. धाकटीने ते पाहिलं.

वर सोसाट्याचा वारा होता. भावांनी कागदी पेल्यांतून कॉफी आणली. भिंगरीला बाथरूमला जायचं होतं, आणि थोरली तेवढ्यात कामाच्या फोनवर अडकली, म्हणून काकू बरोबर गेली. रांग मोठी होती. धाकटीने सवयीने तिच्या जॅकेटची चेन वर ओढायला हात पुढे केला. भिंगरीने तो झटकला.

"तुला माझा कंटाळा आलाय ना? मग कशाला आणलंस?"

"कोण म्हणालं तुला?"

"आई. आई म्हणाली, काकूला आता तुझा कंटाळा आलाय, म्हणून ती चाललीय. तूच म्हणालीस म्हणे, मी जाते म्हणून."

रांगेतल्या पुढच्या बाईने वळून पाहिलं. भिंगरीचा नंबर आला, ती आत गेली आणि तिने कडी लावली.

भिंगरी वडिलांपाशी गेल्यावर धाकटीने थोरलीला कठड्यापाशी गाठलं. कित्येक महिन्यांत ती तिच्याशी पहिल्यांदाच सरळ बोलत होती.

"मला भिंगरीचा कंटाळा आलाय असं तुम्ही तिला सांगितलंत?"

थोरलीने फोन पर्समध्ये टाकला. नाकारलं नाही. "सांगितलं."

"लाज नाही वाटली?"

"तुला वाटली का कधी? आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलीस माझ्या लेकीवर. मी म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलायची, कमरेचे काटे ढिले करून घरी यायचं आणि दार उघडलं की पोरगी तुझ्या मांडीवर. आई आली गं, असं सांगितलंस कधी तिला?"

"रोज सांगायचे. तुम्ही झोपून जायचात."

"हो, झोपायचे. माणूस आहे मी." थोरलीने वाऱ्याने उडालेले केस कानामागे दाबले. "आता ऐक. तू विमानात बसून मोकळी होशील. रात्री ती तुझ्या नावाने रडेल तेव्हा जवळ मी असणार. मी जवळ घेईन आणि ती मला ढकलेल. त्यापेक्षा चिडू दे तुझ्यावर. राग आठ दिवसांत निवतो. तुझं काय जातं? नाही तरी तू तिथे नसणारच."

धाकटीला त्यातलं काही खोटं वाटलं नाही आणि म्हणूनच तिचा संताप जास्त झाला. "माझं काय जातं?" ती म्हणाली. "मला एवढं एकच माणूस होतं या घरात."

"ते माझं आहे," थोरली म्हणाली. "आणि तोंड उघडलंस तर याद राख."

उतरताना पुन्हा तीच वाटणी झाली. भाऊ पुढच्या डब्यात, त्या तिघी मागच्या. दार लागलं, डबा हलला आणि डोंगराची कडा सुटल्याबरोबर धाकटीने बोलायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही.

"भिंगरी, माझ्याकडे बघ. मला तुझा कंटाळा आलेला नाही. मला जायचंच नव्हतं. आजी आजारी आहे, कोणीतरी जायला हवं, आणि आम्हाला मूल नाही म्हणून आम्ही जायचं असं तुझ्या आईने ठरवलं. तिने तुला खोटं सांगितलं."

"गप्प बस," थोरली म्हणाली.

"विचार तिला."

भिंगरीने आईकडे पाहिलं. "आई, खरं?"

थोरलीला त्या क्षणी नाही म्हणता आलं असतं. वृद्धाश्रमात रोज कितीतरी जणांना ती हसतमुखाने सांगायची की तुमचा मुलगा उद्या येणार आहे. पण तिने खिडकीबाहेर पाहिलं.

धाकटीने हात पसरले. तिला खात्री होती की पोर आता धावत येऊन गळ्यात पडेल. भिंगरी उठली, पण आली नाही. ती दोघींच्या मधल्या मोकळ्या जागेत खाली बसली, गुडघ्यांत डोकं घातलं आणि कानांवर हात ठेवले. आईने खांद्याला हात लावला तर तिने अंग चोरलं. काकूने लावला तेव्हाही तसंच. डबा खाली पोचेपर्यंत त्या दोघी तिच्या डोक्यावरून एकमेकींकडे बघत बसल्या.

खाली उतरल्यावर भिंगरी वडिलांकडे पळाली. "बाबा, काकूला जायला तुम्ही पण सांगितलंत?"

थोरला भाऊ भांबावला. "अगं, सगळ्यांनी मिळून..."

"मी कुठे सांगितलं?" धाकटा म्हणाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तो दादापुढे बोलत होता. "तुम्ही ठरवलंत आणि आम्ही माना डोलावल्या."

"म्हणजे आईचं करायचं जिवावर आलंय तुझ्या?"

"आई दोघांची आहे ना, दादा?"

पार्किंगमध्ये माणसं वळून बघेपर्यंत ते भांडले. लहानपणीच्या सायकलीपासून सगळ्या उखाळ्यापाखाळ्या निघाल्या. घरी येताना गाडीत रेडिओसुद्धा कोणी लावला नाही.

निघायच्या दिवशी थोरला त्यांना विमानतळावर सोडणार होता. सकाळी त्याने गोदामात तातडीचं काम निघाल्याचं सांगितलं आणि तो निघून गेला. धाकट्याने टॅक्सी मागवली. सामान खाली गेलं. भिंगरी बाथरूममध्ये कडी लावून बसली होती.

धाकटी दाराशी उभी राहिली. "भिंगरी, मी निघते."

तिने तोंड दाराजवळ नेलं.

"मी फोन करीन. तुला वाटलं तर बोल. नाही वाटलं तर राहू दे."

आत नळ सुरू झाला, धो धो. काकूचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. धाकटीला दाराला हात लावावासा वाटला, पण मागे थोरली उभी होती, म्हणून नाही लावला.

"झालं समाधान?" थोरली म्हणाली. "आता माझ्याशीही बोलत नाही ती."

"तुम्ही केलंत ते."

"मी आगीची काडी असेन. तेल तू ओतलंस." मग सवयीने, "सासूबाईंना सांग, मी विचारलंय म्हणून."

"स्वतः सांगा," धाकटी म्हणाली आणि जिना उतरली. वाकून नमस्कार केला नाही. तिकडूनही आशीर्वाद आला नाही.

विमानात नवऱ्याने तिचा हात धरायचा प्रयत्न केला. तिने त्याचा हात आपल्या मांडीवरून उचलून त्याच्या मांडीवर ठेवला.

मायदेशातल्या घरी सासूबाई पलंगाला खिळलेल्या होत्या आणि तोंडाने मात्र धडधाकट. उशी अशी नको, पाणी असं नको. धाकटी त्यांना उठवायची, पुसायची, वॉकरला धरून दारापर्यंत न्यायची. पडल्या पडल्या त्या थोरल्या सुनेचं कौतुक करायच्या, कशी शिकलेली, कशी नोकरी करणारी. धाकटी ऐकून घ्यायची. रविवारी तिकडून फोन आला की ती फोन सासूबाईंच्या कानाला लावून अंगणात निघून जायची. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. भिंगरी फोनवर यायची नाही. शाळा, खेळ, झोप, दर वेळी नवीन कारण.

असे बरेच महिने गेले. सासूबाई काठीवर चालायला लागल्या. मग एका दुपारी धाकटीच्याच फोनवर फोन आला. पलीकडे भिंगरी होती. आवाज थोडा बदलला होता.

"तू परत येणार आहेस का?"

धाकटीने खरं तेच सांगितलं. "नाही."

"बरं," ती म्हणाली. "मी तुझ्यावर अजून चिडलेय."

"चीड. मी असते इथेच."

"आईवर पण चिडले होते. खूप दिवस बोललेच नाही. मग तिने रात्रीची ड्युटी सोडली. आता ती माझ्या खोलीत झोपते. मला सकाळी शाळेत पण तीच सोडते. केस घट्ट बांधते पण. दुखतात."

धाकटी भिंतीला टेकली. तिला वाटायला हवं होतं की पोरीचं बरं झालं. तसं वाटलंही, पण त्याच्या आधी एक कळ छातीतून गेली. ज्यासाठी थोरली खोटं बोलली, ते तिला धाकटीच्या खरं बोलण्यानेच मिळालं होतं.

"आणि काकू, ती घोरते," भिंगरी म्हणाली. "इतकी घोरते की मी तिचं नाक दाबते."

"जोरात दाब," काकू म्हणाली.

पलीकडे भिंगरी हसली. मागून थोरलीचा आवाज आला, कोणाशी बोलतेस गं, आणि फोन बंद झाला.

"कोण होतं?" सासूबाईंनी पलंगावरून विचारलं.

"भिंगरी."

"काय म्हणत होती?"

"म्हणत होती, तुमची शिकलेली थोरली सून रात्रभर घोरते," धाकटी म्हणाली आणि त्यांच्या औषधाची वेळ झाली होती म्हणून पाणी आणायला आत गेली.