निळ्या ड्रेसच्या आतल्या टिपा

मित्रांनो, शिंप्याच्या दुकानात खिडकीखाली जुन्या चादरीने झाकलेले, पायाने चालवायचे शिलाई मशीन तुम्ही कधी पाहिले असेल. तसेच एक मी आहे. माझ्या चाकाचा पट्टा सैल झाला आहे, रंग उडाला आहे. स्मरणशक्ती मात्र शाबूत आहे आणि तीच मला जड जाते.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझे ओतीव लोखंडी अंग कानशीने घासले गेले, आत दात्यांची चाके बसली आणि शेवटी एका तपासनिसाने पातळ व जाड अशा दोन्ही कापडांवर टीप घालून पाहिली. दोन्ही सरळ आल्या. "पास," तो म्हणाला आणि पुढच्या मशीनकडे वळला. सरळ टीप घातली की आपले कर्तव्य संपले, अशी माझी त्या दिवशी समजूत झाली. तिची किंमत पुढे दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागली.

मी दोन बहिणींच्या दुकानात आले. आईवडील नव्हते. थोरलीला सगळे ताई म्हणत आणि तिच्या पाठच्या बहिणीला धाकटी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत स्वयंपाक आणि संसार. ताई गिऱ्हाइकाचे माप घेई आणि मोठ्याने उच्चारी. धाकटी ते खडूने कापडाच्या कोपऱ्यावर लिही. आल्यागेल्याच्या कमरेचा आणि दंडाचा आकडा दिवसभर दुकानात घुमत असे. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. मलाही वाटले नाही.

दुकानात पुतळा नव्हता. शिवलेला कपडा अंगावर कसा पडतो, हे धाकटीच घालून दाखवी. तिच्यासाठी ताईने एक निळा ड्रेस शिवला. तो घालून ती दारात उभी राहिली की रस्त्यावरून जाणाऱ्या बायका थबकत. ताईची पद्धत अशी, की शिवणीच्या आत भरपूर जादा कापड राखायचे. शिंपीकामात त्याला माया म्हणतात. माणूस अंगाने भरते, तेव्हा ती माया उपयोगी पडते.

धाकटी मात्र भरण्याऐवजी आटू लागली. ड्रेस सैल झाला. ताईने माप घेतले, नेहमीसारखे मोठ्याने उच्चारले आणि दोन्ही बाजूंनी आत घेतला. माया कापली नाही, तशीच दुमडली. पुढे तो पुन्हा सैल झाला. पुन्हा आत घेतला.

पोस्टातल्या बाई कापड टाकायला आल्या होत्या. धाकटीला पाहून म्हणाल्या, "काय गं, वाऱ्याने उडशील की! आम्हालाही सांग ना, करतेस काय?"

"फुकटात बरी सांगेल," ताई म्हणाली. "आधी दोन ड्रेस शिवायला टाका."

सगळ्या हसल्या. धाकटीही हसली. त्या दुपारी तिने ताट पुढे सरकवले.

"मला नको. सकाळचंच पोटात आहे."

ताईच्या ओठांत टाचण्या होत्या. "बरं, झाकून ठेव," ती टाचण्यांमधून म्हणाली.

मित्रांनो, माझा स्वभाव तसा कुरकुरीचा. तेल कमी पडले तर मी कुरकुरे, दोरा निकृष्ट असला तर तोडून टाकी. पण त्या ड्रेसवर एकदाही माझा टाका सुटला नाही. प्रत्येक टीप सरळ, एकसारखी, कारखान्यात पास झालेली. ताईने माझी चाके पुसत शाबासकी दिली, "म्हातारी काय सफाईने चालते!" आणि मी सुखावले. ती शाबासकी मला आजही परत करावीशी वाटते.

मग एका दुपारी त्याच ड्रेसवर माझी सुई तुटली. याचे श्रेय कृपया मला देऊ नका. दुमडीवर दुमड येऊन बाजूची शिवण जाड झाली होती, एवढेच.

सुई का तुटली हे पाहण्यासाठी ताईने ड्रेस उलटा केला. आत टिपांच्या रांगा होत्या, एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी. प्रत्येक रांगेचे माप ताईने स्वतः घेतले होते, स्वतःच्या तोंडाने उच्चारले होते. ती बराच वेळ त्या रांगांवरून बोट फिरवत बसली.

"धाकटे, इकडे ये."

धाकटी आली. बाहेर रणरणते ऊन होते आणि तिच्या अंगात स्वेटर होता.

"पुन्हा सैल झाला का?" तिने विचारले. त्या प्रश्नात काळजी नव्हती, आशा होती. ताईने ड्रेसची उलटी बाजू तिच्यापुढे धरली.

"हे सगळं मी शिवलं? आणि मला दिसलं नाही?"

"तुझं काय त्यात?" धाकटी खाली बसली. "मला जेवता येत नाही गं. भूक लागते, पण घास उचलला की भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होते. परत आल्यावर दोघींच्या बोलण्यातून मला समजले, की मनाच्या डॉक्टरबाईंनी दोन आजारांची नावे सांगितली होती. एक खाण्याचा आजार आणि दुसरा नैराश्य. औषधे होती, ठरलेल्या वेळी जेवण होते, नियमित भेटी होत्या. ताईने त्यांना विचारले होते, "माझ्यामुळे झालं का?" त्या म्हणाल्या होत्या, "असा आजार एका कारणाने होत नाही. पण बरं होताना तुमची सोबत लागेल. पहिल्यांदा ते मापं ओरडणं थांबवा."

दुकानात पुतळा आला. ताई मापे मनात वाचून स्वतःच खडूने लिहू लागली. धाकटी हळूहळू सावरली.

पण एकदा त्याच पोस्टातल्या बाई चांगल्या मनाने म्हणाल्या, "अगं, भरलीस की! छान."

धाकटीचा चेहरा उतरला. दुपारी ताट पुन्हा तसेच राहिले. ताईने आग्रह केला नाही. तिने दोन्ही ताटे माझ्या फळीवर आणली, एक चिंधी सुईखाली घातली आणि पाय चालवला.

"माझ्या घासाकडे बघू नकोस," धाकटी म्हणाली.

"नाही बघत. ही टीप सरळ आली का, तेवढं सांग."

"ताई, ही टीप आहे की गांडूळ?"

"मशीन जुनं झालंय."

"मशीनला नावं ठेवू नकोस. कापड तूच ओढतेयस. पुन्हा घाल."

ताईने आणखी वाकडी घातली. धाकटी तिला रागावत राहिली आणि रागावता रागावता एक घास तिच्या तोंडात गेला, मग दुसरा. माझ्या आयुष्यातील ती सर्वांत वाईट शिवण. केवळ तिचाच मला अभिमान वाटतो.

आता दुकानात विजेच्या मोटारीवर चालणारे मशीन आहे आणि ते धाकटी चालवते. तिची औषधे चालू आहेत. वाईट दिवस अजून येतात. त्या दिवशी ती आपणहून म्हणते, "ताई, आज जेवताना समोर बस." बाकीच्या दिवशी ती गिऱ्हाइकांशी वाद घालते, गाणी म्हणते, हिशेबात चुकते. माझ्यावर धूळ बसते. बसू द्या.

मित्रांनो, माझ्यासारखे निमूटपणे सरळ चालत राहू नका. कोणाच्या अंगाचे माप मोठ्याने वाचू नका, कौतुकानेही नाही. तुमचा सोबती जेवणापासून दूर सरकत असेल, तर सुई तुटण्याची वाट पाहू नका. घरातल्या मोठ्यांना सांगा, डॉक्टरांकडे जायला सोबत करा. आणि घासाची भीती तुम्हालाच वाटत असेल, तर ती बोलून दाखवा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

परवा धाकटीने माझी चादर काढली, तेल दिले आणि निळा ड्रेस आणला. इतर टिपा तिने पूर्वीच एकेक करून उसवल्या होत्या. शेवटची उरली होती. तीही उसवून, दुमडलेली माया मोकळी करून तिने कडेला नवी टीप घातली. मी जपून चालले. कापडावर माझ्या जुन्या सुईच्या भोकांच्या रांगा तशाच दिसत होत्या.

"वरून लेस लावू का?" ताईने विचारले. "झाकून जाईल."

"राहू दे," धाकटी म्हणाली. "घालायचाय मला. दारात टांगायचा नाही."