सोडून दिलेलं माप

सातवीच्या वर्गात एकवीस बाकं, एक्केचाळीस मुलं, चार खिडक्या आणि दार एकच. फरशीवर खडूने आखलेली आठ वर्तुळं, प्रत्येकात एक आकडा. माझ्या टेबलावर दादाचं लेझर मीटर. दादा घरोघरी फरशा बसवतो. एका दिवसाच्या बोलीवर दिलेलं त्याचं यंत्र पाचव्या शुक्रवारीही माझ्याकडेच होतं.

मला सरासरी शिकवायची होती. पुस्तकातल्या मापांना मुलं कंटाळतात, म्हणून वर्गाचीच उंची घ्यायचं ठरवलं. यंत्र वर्तुळात ठेवायचं, बटण दाबायचं. छतावर लाल ठिपका पडतो आणि उंची माझ्या फोनवर येते. पहिल्या शुक्रवारी सात खुणांवर ३.०१२ मीटर आलं, फार तर एखाद्या मिलिमीटरच्या फरकाने. मधोमध असलेल्या पाचव्या खुणेवर ३.००१.

"मुंगी, वाकडं धरलंस तू," मागच्या बाकावरून आवाज आला.

"धरलंच नाही, ठेवलंय. पट्टी घेऊनही तिरकी रेघ मारणाऱ्याने बोलू नये."

वर्ग हसला. मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात बारकी आणि सगळ्यात चिकट मुलगी. मी सांगून टाकलं, की सगळ्यांहून फटकून आलेलं माप सोडून द्यायचं आणि उरलेल्या सातांची सरासरी काढायची. यंत्र वाकडं असतं तर माप वाढलं असतं, कमी झालं नसतं. एवढं मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

वरच्या मजल्यावर, बरोबर आमच्या डोक्यावर, नवी संगणक खोली तयार होत होती. दर गुरुवारी बॅटऱ्यांची एक खेप जिन्याने वर जायची.

पाचव्या शुक्रवारी दोन वाजता चाचणी परीक्षा होती. सकाळच्या तासाला मापं झाली आणि मुंगी वही घेऊन टेबलाशी आली. सोडून दिलेली मापं तिने शेवटच्या पानावर उतरवून ठेवली होती. ३.००१, २.९९७, २.९९३, २.९८८, आणि आजचं २.९८२.

"बाई, चुकीचं माप कधी जास्त, कधी कमी यायला हवं ना? हे नुसतं कमीच होतंय."

मी वही घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. ते कुठल्याशा बैठकीला गेले होते. दीड वाजता परतले. तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. त्यांनी पान दोनदा वाचलं.

"आठातलं एक माप. असलं माप सोडायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"मीच शिकवलं, सर. छत खाली येतंय. मुलांना तिथे बसवू नका."

"वीस मिलिमीटरसाठी परीक्षा उठवली तर लोक मला वेड्यात काढतील." त्यांनी चष्मा पुसला. "पेपर वाटून होऊ द्या, मी येतो. तीनदा मोजू. तिन्ही वेळा एकच आकडा आला तर मानीन."

ते आले तेव्हा दोन वाजून नऊ मिनिटं झाली होती. मुलं खाली मान घालून लिहीत होती. सरांनी स्वतः वाकून यंत्र पाचव्या खुणेवर ठेवलं आणि मी फोनवरचे आकडे वाचले. २.९७९. २.९७७. २.९७४.

"बघा," ते हळूच म्हणाले. "एकासारखं एक नाही. यंत्रच बिघडलंय."

मी यंत्र उचलून दाराजवळच्या आठव्या खुणेवर ठेवलं. ३.०१२. ३.०१२. ३.०१२.

मुंगीच्या उत्तरपत्रिकेवर पांढरी भुकटी पडली होती. तिने ती फुंकरीने उडवली आणि पुन्हा लिहायला लागली. थोड्या वेळाने आणखी पडली.

"पेपर आहेत तिथेच ठेवा," सर म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "दाराकडून एकेक रांग. पळायचं नाही, ढकलायचं नाही."

"सर, वेळ वाढवून मिळणार का?"

"मिळेल. चल."

शिपायाने वरच्या दोन कामगारांना खालूनच हाका मारल्या. ते कुरकुरत उतरले. मी यंत्र परत पाचव्या खुणेवर ठेवलं, सतत मोजायला लावलं आणि सगळ्यांच्या मागून बाहेर पडले.

मैदानात, खिडक्यांपासून तीस पावलांवर, सरांनी मुलं मोजली. चाळीस भरली. पुन्हा मोजली तेव्हा एक्केचाळीस. मुंगी माझ्या कोपराशी उभी राहून फोनवरचे आकडे वहीत उतरवत होती.

"बाई, हे सोडायचं नाही ना?"

"एकही नाही."

२.९६६. २.९५८. २.९४१. शेवटचं माप दोन वाजून सव्वीस मिनिटांनी आलं: १.४०६ मीटर.