या, मॅडम

कार्यालयात ड्रोन आलं तेव्हा सगळ्यांना ते खेळणंच वाटलं. ते गल्लीवरून फिरायचं, लेझरनं भिंती-छपरं मोजायचं आणि पडद्यावर अख्खी गल्ली उभी करायचं. बोटानं फिरवलं की घर मागूनसुद्धा दिसायचं. नव्या पुलाखाली जाणाऱ्या घरांच्या किमती आता याच मॉडेलवरून ठरणार होत्या. बांधकाम नीटनेटकं असेल तर भाव चांगला, वेडंवाकडं असेल तर कपात.

एका दुपारी पडद्यावर एक घर आलं. खाली दोन खोल्या, बाजूला चिकटवलेली तिसरी, तिच्या डोक्यावर चौथी, आणि बाहेरून चढणारा कललेला जिना.

"हे घर आहे की ठिगळांची गोधडी?" भिंगकाका म्हणाले. ते कार्यालयातले सगळ्यांत जुने मोजणीदार. जाड चष्म्यामुळे हे नाव पडलेलं. सगळे हसले.

मूल्यांकन अधिकारी असलेली ती मात्र क्षणभर थिजली. ते तिचं माहेर होतं. आता तिथे तिचा धाकटा भाऊ राहायचा, फ्रिज दुरुस्त करायचा. सांगून टाकायची हीच वेळ होती. नात्यातल्या घराचं मूल्यांकन करायचं नाही, असा नियमच होता. पण सगळे आपल्याकडेच बघताहेत असं तिला वाटलं आणि ती बोलून गेली, "बांधणारा आंधळी कोशिंबीर खेळत असणार!"

सगळ्यांत मोठा हशा तिच्या विनोदावर पिकला. साहेबसुद्धा हसले. बांधणारे तिचे वडील होते.

मॉडेलनं भरपूर कपात दाखवली, म्हणून साहेबांनी जागेवर जाऊन पाहायला सांगितलं. "तुम्ही आणि भिंगकाका जा." डोकं दुखतंय म्हणावं, असं तिच्या मनात आलं. पण ती गेली. आता सांगायचं तर त्या विनोदाचं काय करायचं?

दार भावानंच उघडलं. हातात पाना, कपाळाला ग्रीस. तिला पाहून त्याचा चेहरा खुलला, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ती म्हणाली, "नमस्कार. आम्ही मूल्यांकन कार्यालयातून आलोय."

भावानं तिच्याकडे पाहिलं. मग भिंगकाकांकडे पाहिलं. हातातला पाना त्यानं हळूच खिडकीत ठेवला.

"या, मॅडम," तो म्हणाला.

तिची कानशिलं तापली. भाऊ बाजूला झाला, खुर्च्या पुसून दिल्या, पाणी आणलं. पाहुण्यांना द्यावं तसं, ट्रेमधून. भिंगकाका टॅबवर मॉडेल बघत विचारू लागले, "ही वरची खोली नंतर काढलेली दिसते?"

"हो. बहिणीच्या अभ्यासासाठी. खाली फार गोंगाट व्हायचा, म्हणून बाबांनी स्वतः बांधली."

"बहीण कुठे असते आता?"

"असते इथेच. मोठ्या हुद्द्यावर आहे," भाऊ जमिनीकडे बघत म्हणाला. "कामात असते फार."

ती उठून भिंत मोजायला लागली. मोजपट्टीवरचे आकडे तिला दिसत नव्हते.

इतक्यात बाहेरून भाऊजय आली. पिशवी दारातच ठेवून म्हणाली, "अगंबाई, वन्सं! कधी आलात? आणि अहो, हे काय, पाण्यावरच बोळवण?"

भाऊ म्हणाला, "ती सगळ्यांनाच..." आणि थांबला. वन्सं कुणी सगळ्यांना म्हणत नाही.

भिंगकाकांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "सांगायचं होतंत, मॅडम. मी तसं बोललो नसतो."

"मी तुमच्यापेक्षा वाईट बोलले," ती म्हणाली.

कार्यालयात पोचल्यावर तिनं साहेबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, हे जास्त लागलं. काम दुसऱ्याकडे गेलं. तो अधिकारी घर आतून बघून आला आणि भिंती भक्कम असल्याचं सांगून त्यानं बरीच कपात काढून टाकली.

संध्याकाळी ती भावाकडे गेली. काही झाकायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून आंधळ्या कोशिंबिरीचंही सांगितलं. भाऊ फ्रिजच्या मागे वाकलेला होता. तो चक्क हसला.

"बाबासुद्धा हसायचे की या जिन्याला. म्हणायचे, चढणारा आपोआप नम्र होतो." मग त्याचा हात थांबला. "पण आपण घरात बसून हसायचो गं, ताई."

भाऊजयीनं तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि प्रत्येक घास तिला जड गेला.

पुढे पुलासाठी घर गेलं. भावानं पलीकडच्या वस्तीत जागा घेतली. दुरुस्तीच्या कामासाठी तो कधीकधी तिच्या कार्यालयावरून जातो, भाऊजयीनं तिच्यासाठी दिलेला डबा घेऊन. पण फाटकापाशीच थांबतो आणि फोन करतो.

"अरे, वर ये ना," ती दरवेळी म्हणते.

"नको," तो म्हणतो. "तूच ये खाली."

ती धावत खाली जाते.