चुन्याखालची लाल रेघ

मित्रांनो, मी एक जुना स्टिरिओ आहे, पण आज मान ताठ करून बोलतो आहे. मधोमध माझे बटणांचे पोट, त्यात कॅसेटचा कप्पा आणि दोन बाजूंना दोन लाकडी स्पीकर. एजियन समुद्रातल्या एका बेटावर, ख्रिस्ती देवळाला लागून असलेल्या एवान्थियाबाईंच्या घरात मी राहतो.

माझा जन्म जपानचा. बाईंचा नवरा, खलाशी आनेस्तिस, याने मला तिथून आणले. बोटीवर त्याने मला स्वतःच्या बिछान्यावर निजवले आणि आपण फळीवर झोपला. समुद्र सोडल्यावर तो देवळात स्तोत्रे गाऊ लागला; दोन बाजूंना दोन गायक उभे राहतात, त्यातला उजव्या बाजूचा तो झाला. काय तो आवाज! खर्जात उतरला की आमच्या खिडकीची तावदाने थरथरत. एका उत्सवात कुणीतरी त्याचे स्तोत्र कॅसेटवर भरून घेतले. ती कॅसेट माझ्या पोटात फिरू लागली की एवान्थियाबाईंच्या हातातले काम आपोआप खाली ठेवले जाई. देवाचे नाव असे गळ्यातून वाहताना ऐकले की माझ्यासारख्या लाकडालाही पाझर फुटतो.

आनेस्तिस गेला आणि त्याच्यामागे पहिला ईस्टर आला. त्यानंतरच्या शुक्रवारी आमच्या देवळातल्या देवमातेची, झऱ्याच्या माउलीची जत्रा. बापाच्या जागी मुलगा स्त्रातिस उभा राहणार होता. धंद्याने न्हावी, गळा बापाचा. पण बापाची चाल कागदावर कुठेच नव्हती. ती होती फक्त त्या कॅसेटमध्ये. जमले नाही तर वरच्या गावचा गायक बोलावू, असे धर्मगुरूंनी सांगून ठेवले होते.

"वरच्या गावचा? तो बोकड?" एवान्थियाबाई कडाडल्या. "त्यापेक्षा मीच उभी राहते!"

आमच्याकडे ईस्टरच्या आधी घराला चुना लावतात. भिंती, पायऱ्या, कुंड्या, लिंबाचा बुंधा, काही सुटत नाही. बाईंनी माझे स्पीकर सोडवले, भिंत पांढरीशुभ्र केली आणि भिंतीवरून जाणाऱ्या माझ्या वायरीही त्याच कुंचल्याखाली आल्या. नंतर स्त्रातिसने स्पीकर पुन्हा जोडले.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्याने बापाची कॅसेट लावली आणि मी हादरलो. आनेस्तिसचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा पोकळ! चाल खाली उतरली की तिला कुणी गिळून टाकत होते.

स्त्रातिसने मला उघडले. घरी गाळलेल्या राकी दारूत कापूस भिजवून टेपचे हेड पुसले.

"मशीनला पाजतोयस की स्वतःला?" आईने विचारले.

"दोघांनाही गरज आहे, आई."

फ्यूज पाहिला, पट्टा पाहिला. मग नाचाच्या गाण्यांची कॅसेट लावली. डावीकडून व्हायोलिन, उजवीकडून तारा छेडायचे वाद्य, दोन्ही खणखणीत! स्त्रातिसचा चेहरा पडला.

"यंत्र ठणठणीत आहे, आई. बाबांची टेपच गेली."

मला ओरडून सांगावेसे वाटले, टेप जिवंत आहे, खोट माझ्यात आहे! पण आम्हाला दिलेले तेवढेच गाता येते.

स्त्रातिसने पुन्हा एकदा, शेवटची म्हणून, बापाची कॅसेट लावली. निरोप घ्यावा तसा एवान्थियाबाईंनी डाव्या स्पीकरला गाल टेकवला. आणि त्या दचकल्या.

"अरे, हा तर इथे आहे!"

"कोण?"

"तुझा बाप, दुसरा कोण! कान लावला की आहे, मागे सरलं की गायब." त्या उजवीकडे धावल्या. "इथेही आहे! दोघंही गातायत, पण एकमेकांच्या विरुद्ध. तुझे बाबा आणि देवळात डाव्या बाजूला गाणारा कोस्मास भांडले होते ना, तसं. एकेकटा ऐकला तर संत, दोघं मिळून गायले की लोक उठून कॉफीला जायचे."

स्त्रातिसने विजेरी शोधून काढली. मग त्याने माझ्या पाठीमागून वायरी काढल्या, स्पीकरांवरची जाळी उतरवली आणि विजेरीचा सेल दोन्ही वायरींना, जोडल्या होत्या त्याच क्रमाने, टेकवला. डाव्या स्पीकरचा पडदा पुढे फुगला, उजव्याचा आत गेला! एक ढकलत होता, दुसरा ओढत होता, आणि दोघांमधून सारखाच येणारा आनेस्तिसचा आवाज मध्येच जिरत होता. नाचाच्या कॅसेटमध्ये वाद्ये दोन बाजूंना वाटलेली, म्हणून तिथे खोट लपली. त्याने नखाने उजवी वायर खरवडली. चुन्याखालून धन टोकाच्या खुणेची लाल रेघ निघाली, ऋणाला जोडलेल्या टोकावर.

"आई! वायरसुद्धा रंगवलीस? म्हणून तर मी उलटी जोडली!"

"मग काय, ईस्टरला वायर मळकी ठेवू?"

टोकांची अदलाबदल झाली, बटण दाबले, आणि मित्रांनो, आनेस्तिस खोलीच्या मधोमध येऊन उभा राहिला! तावदाने थरथरली. बाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि मग मुलाला टपली मारली, "बसलास काय? गा त्याच्याबरोबर!"

शुक्रवारपर्यंत बाप-लेक एकत्र गात राहिले.

जत्रेच्या दिवशी घरी कुणी नव्हते. खिडकी उघडी होती. देवळातून स्त्रातिसचा आवाज आला, चढला, वळला आणि खाली खर्जात उतरला. त्याच्या खाली कुणीतरी भरदार सूर धरून ठेवला होता. तो जत्रेला आलेला वरच्या गावचा गायक होता म्हणे, ऐकता ऐकता आपणहून डावीकडे जाऊन उभा राहिला. आमची तावदाने थरथरू लागली.

आणि मी तर बंद होतो!

मित्रांनो, एखादा जुना आवाज पोकळ आला तर तो मेला म्हणू नका. जवळ जा, गाल टेकवा, दोन्ही बाजू ऐका. आणि घराला चुना जरूर लावा, फक्त वायर तेवढी सोडा.