खंडेनवमीला पाडलेला मेन स्विच

तळवड्यातल्या उद्धवरावांच्या वर्कशॉपमधला कॉम्प्युटर पंधरा वर्षांचा म्हातारा होता. त्याची हार्डडिस्क मेली, तेव्हा माल तपासणाऱ्या स्वरूपानं ती काढूनच टाकली आणि पेनड्राइव्हवर एक हलकी, नको ते सगळं छाटलेली सिस्टीम बसवली. सुरू होताना ती सगळीच्या सगळी मेमरीत जाऊन बसायची आणि झकास पळायची. "लाइट गेली तरी हिला काही होत नाही," असं स्वरूपा आल्यागेल्याला सांगायची. सिस्टीमपुरतं ते खरंच होतं. दिवसाचं काम मात्र कॉम्प्युटर नीट बंद केला तरच पेनड्राइव्हवर उतरायचं. पण फुशारकी मारताना असल्या खाचाखोचा कोण सांगत बसतो?

खंडेनवमीच्या सकाळी बुशांचे, म्हणजे धातूच्या छोट्या नळकांड्यांचे, तीन ट्रे होते, एकेका ट्रेमध्ये शंभर; प्रत्येकाची जाडी मायक्रोमीटरनं मोजून आकडा कॉम्प्युटरवर भरायचा होता. संध्याकाळी माल चाकणच्या कंपनीत जाणार होता. पहिला ट्रे स्वरूपानं इमानदारीत मोजला. मग पूजेची घाई सुरू झाली आणि उरलेल्या दोनशेंचे आकडे तिनं थोडे खालीवर करत बसल्या जागी भरले. माल रोजचाच, काय होतंय! तरी भरताना तिची नजर दाराकडे होती. असल्याच आकड्यांपायी उद्धवरावांनी आधीच्या तपासनिसाला उभ्या उभ्या घरी पाठवलं होतं.

दुपारी मशिनं पुसून झाली, झेंडूच्या माळा चढल्या. पूजेला बसताना एकही यंत्र चालू दिसता कामा नये, हा उद्धवरावांचा तीस वर्षांचा नेम. कोपऱ्यातला स्क्रीन उजळलेला दिसला आणि त्यांनी मेन स्विच पाडला.

"शेठ!" स्वरूपा ओरडली.

"का गं? हिला काय होत न्हाई, तूच म्हनतीस न्हवं?"

"सिस्टीमला नाही होत. सकाळचे आकडे गेले सगळे."

म्हणताम्हणता तिला हायसं वाटलं. खोटं पुसलं गेलं होतं, तेही मालकाच्या हातानं. मागाहून लाज वाटली, पण आधी हायसंच वाटलं.

"पाठ आहेत मला," ती म्हणाली. "परत टाकते."

"आठवणीवर माल सोडायचा न्हाई. चूक माझी हाय."

पूजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हाही उद्धवरावांचाच नेम. पूजा उरकल्यावर त्यांनी मायक्रोमीटर पाटावरून उचलला, कपाळाला लावला, रुमालानं त्यावरचं कुंकू पुसलं आणि तिच्याशेजारी स्टूल ओढलं.

"मी मोजतो, तू लिव्ह. माझ्यापायी तुझी मेहनत मातीत गेली, पोरी."

स्वरूपानं वही पुढे ओढली.

दोन ट्रे बरोबर निघाले. तिसऱ्यात ओळीनं अकरा बुश मापाला कमी भरले. उद्धवरावांनी चष्मा काढला, पुसला, अकरावा बुश पुन्हा मोजला.

"सकाळी ह्ये कितीला आलं व्हतं?"

आठवत नाही, एवढं म्हटलं असतं तरी त्यांनी मान डोलावली असती. त्यांच्या बोटांना अजून कुंकू लागलेलं होतं.

"शेठ, हे मी मोजलेच नव्हते," स्वरूपा म्हणाली.